देवमाशाशेजारचं जेवण

आधीच माफी मागून ठेवतो. ज्या जागी मी आयुष्यात एकदाच गेलो, तेही दुसऱ्यांनी नेलं म्हणून, तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे. अशा ठिकाणी ज्यांचं नेहमी जाणं होतं त्यांनी लिहिलं असतं तर जास्त नेमकं झालं असतं. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची आमच्याकडे चाल नाही. कुणाला काही सांगायचं असलं की समोर बसून सांगायचं, नाहीतर फोन करायचा. पण इथल्या मराठी मंडळातल्या दोन-तीन जणांनी मला विचारलं की फ्लोरिडातल्या त्या पार्कात देवमाशाच्या तलावाला लागून जेवायला बसवतात, ते करण्यासारखं आहे का. मला दर वेळी हो किंवा नाही असं सरळ सांगता आलं नाही. मी काहीतरी अर्धवट बोलायचो. म्हणून जे झालं ते सगळं इथे लिहितो.

याची सुरुवात आईपासून होते. आमच्या तालुक्याच्या गावात, एमआयडीसीच्या फाटकासमोर, तिची खानावळ आहे. दोन पाळ्यांचे कामगार जेवायला येतात. वडील बाजारहाट करतात आणि गल्ल्यावर बसतात. बाकी सगळं आई. तिचं स्वतःचं जेवण सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर, आतल्या खोलीत, पिठाच्या डब्यावर बसून. लहानपणापासून मी हेच बघत आलो, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात एम.एस. करायला आलो आणि लोक हॉटेलात कसे निवांत बसतात, कुणीतरी पाणी आणून ठेवतं, पुन्हा येऊन सगळं ठीक आहे ना विचारतं, हे बघितलं, तेव्हा तो पिठाचा डबा आठवायला लागला.

इथे आल्याआल्या कधीतरी मी तिला एक व्हिडिओ पाठवला होता. काळापांढरा देवमासा पाण्यातून उसळतो आणि हात वर केलेल्या माणसासमोर पुन्हा पाण्यात आदळतो, एवढाच. मी तो सहज पाठवला होता. रविवारी फोन केला तर तिचं दुसरं बोलणंच नाही.

"आरं, एवढं मोठं धूड माणसाचं ऐकतंय कसं?"

"ऐकलं की मासे खायला देतात त्याला."

"आन् नाही ऐकलं तर?"

मी विषय बदलून वडिलांची चौकशी केली.

तो व्हिडिओ तिने खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. त्यात एका फिटरने सांगितलं की हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं, खरं नसतं. तेव्हापासून तो फिटर आणि आई यांचं रोज चालू. "माझा पोरगा तिथंच हाय, त्याला इचारते," असं ती त्याला सांगायची. तिच्या दृष्टीने अमेरिका म्हणजे एकच गाव. मी राहतो त्या कॅरी गावापासून तो पार्क गाडीने दहा तासांवर आहे हे मी अनेकदा सांगितलं, तरी दर रविवारी प्रश्न ठरलेला: "बघितलास का मासा?"

मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ होता. आईला त्यासाठी आणायचं आणि नंतर तो पार्क दाखवायचा, असं मी ठरवलं. पार्कच्या वेबसाइटवर बघताना ते जेवण दिसलं. तलावाला लागून टेबलं, शेजारी पाण्यात देवमासा. फोटोतल्या बाईच्या मांडीवर पांढरा नॅपकिन होता. मला वाटलं, बस, हेच. आई खुर्चीवर बसलीय, समोर भरलेलं ताट आहे, आणि ज्यासाठी ती त्या फिटरशी भांडते ते तिच्या हाताच्या अंतरावर आहे. त्यानंतर दुसरं काही मला सुचेना.

पण तिला व्हिसाच मिळाला नाही. मामा तिला मुंबईला मुलाखतीला घेऊन गेला होता. खिडकीपलीकडच्या साहेबाने विचारलं, तिथे जाऊन काय करणार. आईने पदर सारखा केला. शेवटी ती म्हणाली, "पोरगा म्हणंल तसं." साहेबाने पासपोर्ट परत तिच्या हातात दिला. "साहेब चांगला होता," ती मला फोनवर म्हणाली. "मलाच बोलाय आलं नाही." पुन्हा अर्ज करायचं ठरलं. दुसऱ्या मुलाखतीची तारीख मार्चमधली मिळाली.

आता काका-काकूंबद्दल सांगायला हवं. कॅरीत राहणारं हे जोडपं माझं नात्याचं नाही. काका डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून आले. काकू सांगलीच्या. शनिवारी ज्या विद्यार्थ्याला घरचं जेवण हवं असेल त्याने त्यांच्याकडे जावं, अशी पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी पानं वाढली, स्वतःच्या ताटातला वरणभाताचा एक घास वाटीत काढला आणि मागच्या डेकच्या कठड्यावर नेऊन ठेवला. मग जेवायला बसल्या. मला नवल वाटलं नाही, कारण आमच्या खानावळीतही तव्यावरची पहिली भाकरी गाईची असते, आणि ती गाय वेळेवर मागच्या दाराशी येऊन उभी राहते. कॅरीत मात्र झाडावरून खार उतरली आणि भात घेऊन गेली.

"ही आमची अमेरिकन गाय," काका म्हणाले. "झाडावर चढते."

"तुम्ही जेवा," काकू म्हणाल्या.

त्यांची मुलगी ऑरलँडोला, म्हणजे तो पार्क आहे त्याच शहरात, असते. डिसेंबरात त्यांना तिच्याकडे जायचं होतं, आणि काकांना आता लांब गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "मीच डॉक्टर, आणि मलाच मनाई," असं ते सगळ्यांना सांगत. मी ड्राइव्ह करीन म्हणालो. वाटेत आईच्या माशाची सगळी गोष्ट काकूंना सांगितली, जेवणाचा बेतही सांगितला. काका मागे झोपले आहेत असं वाटत होतं.

"पहिली गोष्ट, तो मासा नाही," मागून आवाज आला. "मॅमल आहे. दुसरी गोष्ट, ते प्युअर टूरिस्ट ट्रॅप आहे."

"तुम्ही गेलायत का कधी?" काकूंनी विचारलं.

"न जाताच कळतं."

"मग झोपा. अरे, आपण तिघं जाऊ. तुझ्या आईला आणण्याआधी तू एकदा बघून घे. मीच बुकिंग करते, तू एवढी गाडी चालवतोयस."

मी नको नको म्हणालो, पण मनातून मला तेच हवं होतं. पाच महिन्यांनी आईला नेऊन बसवायचं तर आधी बघितलेलं बरं.

जेवण दुपारी होतं. तलावाच्या एका कडेला मांडवासारखं छत आणि त्याखाली टेबलं. आमचं टेबल पहिल्या रांगेत होतं, काचेच्या बुटक्या कठड्याला जवळजवळ टेकलेलं. काचेच्या वरच्या बाजूला हातभर रुंद कट्टा, आणि त्याच्या पलीकडे लगेच पाणी. टेबलावर नेणाऱ्या मुलीने आल्याआल्या नियम सांगितले. टोपी काढून बॅगेत ठेवा. ग्लासला झाकण नाही, स्ट्रॉ मिळणार नाही. वाऱ्याने काही पाण्यात गेलं आणि प्राण्याने गिळलं तर त्याच्या जिवावर बेतेल. मला तिचं बोलणं पटलं.

एक गोष्ट मात्र मला वेबसाइटवर नीट कळली नव्हती. जेवण बुफे होतं. उठायचं, रांगेत उभं राहायचं, आपल्या हाताने घ्यायचं. नॅपकिन होता, पण वाढणारं कुणी नव्हतं. मी रांगेत उभा राहून विचार करत होतो की आईला टेबलावरच बसवून ठेवायचं आणि मी तिचं ताट भरून आणायचं. ती बसेल का हा प्रश्न वेगळा. मी रांगेत आणि ती खुर्चीवर, हे तिला जमेल असं वाटेना. पुढच्या माणसाच्या हातातला डाव ती मागून घेईल आणि लोकांना वाढायला लागेल, अशीही मला शंका होती.

जेवण बरं होतं. चिकन, भाजलेला मासा, पास्ता, लोणी घातलेला भात, उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा, पाव, केक. कॉलेजच्या मेसपेक्षा चांगलं, काकूंच्या शनिवारच्या जेवणाच्या जवळपासही नाही. काकू शाकाहारी, त्यांनी भात, शेंगा आणि पाव घेतला. काकांनी ताट शिगोशीग भरून आणलं.

"टूरिस्ट ट्रॅप ना?" काकू म्हणाल्या.

"अडकलोच आहे तर जेवून घेतो. बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे."

तेवढ्यात तो आला. त्याआधी काही आवाज झाला नाही. पाणी जरा उंच झालं, त्यातून काळा कणा वर आला आणि आमच्या टेबलापासून दोन हातांवर त्याने श्वास सोडला. प्रेशर कुकरची सगळी वाफ एकदम सोडावी तसा आवाज. माझ्या पावावर, चष्म्यावर बारीक तुषार उडाले, मासळीबाजार धुतल्यानंतर येतो तसा वास आला. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. मला हे लिहायला संकोच वाटतो, कारण वर्गातल्या काही मित्रांना, एवढा प्राणी तलावात कोंडून ठेवतात म्हणून, माझं तिथे जाणंच आवडलेलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल. पण त्या क्षणी मला फार आनंद झाला. फिटरला सांगण्यासारखा पुरावा माझ्या चष्म्यावर होता.

तो काचेला लागून कुशीवर झाला.

"तो पांढरा डाग म्हणजे डोळा नव्हे," काका म्हणाले. ते आता खुर्ची पुढे ओढून बसले होते. "डोळा त्याच्या खाली आहे बघ. पुढे. केवढासा आहे."

मी बघितला. तो खरंच लहान होता, आणि आमच्याकडे होता.

पलीकडच्या फळीवर उभी राहून एक ट्रेनर माइकवर माहिती सांगत होती. तिने हात आडवा केला की तो वळायचा, हात उचलला की शेपूट पाण्यावर आपटायचा. प्रत्येक कामानंतर बादलीतून मासे. मध्ये ती बोलत राहिली की तो आमच्या काचेशी तरंगत थांबायचा.

हे चालू असताना काकूंनी नेहमीचं काम केलं. भाताचा एक घास बोटांनी काढला आणि ताटाबाहेर ठेवायला जागा बघितली. टेबल भरलेलं होतं. समोर काचेवरचा कट्टा मोकळा होता. त्यांनी घास तिथे ठेवला, हात जोडल्यासारखं केलं आणि चमचा उचलला.

चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत ती मघाची मुलगी आमच्या मागे उभी होती. पलीकडे ट्रेनर बोलायची थांबली होती आणि आमच्या टेबलाकडे बघत होती. माइक चालू होता, त्यामुळे तिचं थांबणंसुद्धा सगळ्यांना ऐकू आलं.

"मॅम, प्राण्याला खायला देऊ नका," मुलगी इंग्रजीत म्हणाली. आवाज अगदी सौम्य होता.

"मी त्याला देत नाहीये," काकू म्हणाल्या.

"मग कुणाला?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी चिकनकडे बघितलं.

"गाईला," काका इंग्रजीत म्हणाले.

मुलीने कट्ट्यावरच्या घासाकडे बघितलं. मग तिने विचारलं, "कुठल्या गाईला, सर?"

मी हसू आवरलं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे जेवण्याआधी पहिला घास दुसऱ्या कुणासाठी तरी काढून ठेवतात. यांनी तो तिथे ठेवला एवढंच, पाण्यात टाकायचा त्यांचा विचार नव्हता. तिने ते नीट ऐकून घेतलं. म्हणाली, पद्धत चांगली आहे, पण इथे वारा आहे आणि तो कट्टा पाण्याचा आहे. ती नॅपकिनमध्ये तो घास उचलायला लागली.

"टाकू नका हां," काकू म्हणाल्या.

मुलीने नॅपकिनची पुडी केली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती पर्समध्ये ठेवली. ट्रेनर पुन्हा बोलायला लागली.

"चाळीस वर्षं इथे राहतोय आपण," काका हळू आवाजात म्हणाले. "सिटिझन आहोत."

"मग? सिटिझन झालं की पहिला घास आपणच खायचा?"

"अगं, निदान टेबलावर ठेवायचास."

"तुमच्या ताटाने जागा ठेवलीय का टेबलावर?"

काका पुन्हा जेवायला लागले. काकूंनी मात्र चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. मी विचारलं, काय झालं, मुलीचं बोलणं लागलं का.

"छे रे, तिचं बरोबर होतं. पण तो बघ ना." तो काचेशी तसाच थांबला होता, डोळा आमच्या बाजूला. "त्याला अजून काम आहे आणि मी खात बसलेय. कुणी असं तोंडाकडे बघत असलं की मला जेवण जात नाही."

"त्याला तुझ्या शेंगांमध्ये इंटरेस्ट नाही," काका म्हणाले.

"नसू दे."

मला त्या क्षणी काकूंच्या जागी आई दिसली. आईने अगदी हेच केलं असतं. खानावळीत शेवटचा माणूस हात धुऊन जाईपर्यंत तिला भूकच लागत नाही. ती कुणी लादलेली गोष्ट नाही, तिचं शरीरच तसं झालंय. मी इतके महिने जे चित्र रंगवत होतो त्यात देवमासा एका बाजूला होता आणि आई दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये जेवण. त्या जेवणाकडे दोघांनी कसं बघितलं असतं, हे मी धरलंच नव्हतं.

पुढचा वेळ मी जेवणापेक्षा तलावाकडे जास्त बघितलं. माझं पावाला लोणी लावून होईपर्यंत तो तलावाची एक फेरी पूर्ण करून परत यायचा. एवढ्या मोठ्या अंगाला ती जागा पुरते का, हे मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्यात एकमत नाही असं दिसतं. मी फक्त बघितलेलं सांगतोय. जवळून बघण्याचा आनंद खरा होता आणि ती लोणी लावून होण्याआधीची फेरीही खरी होती.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर काकूंनी गाडीची डिकी उघडली. सकाळीच त्यांनी मुलीच्या स्वयंपाकघरात थालीपिठं लावून, फॉइलमध्ये गुंडाळून आणली होती. सोबत लसणाची चटणी. नवऱ्याने बुफेवर भरपेट जेवण केलेलं असूनही त्यांनी तीन थालीपिठं बाहेर काढली. मग पर्समधली पुडी उघडून तो लोणी घातलेल्या भाताचा घास गवताच्या पट्टीवर ठेवला. लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा पक्षी, तिकडे पार्किंगमध्ये असे पुष्कळ फिरतात, चालत चालत आला आणि तो भात खाऊन गेला.

"मिळाली गाय," काका म्हणाले, आणि त्यांनी अर्धं थालीपीठ घेतलं.

काकू डिकीच्या कडेवर बसून जेवल्या. दोन थालीपिठं खाल्ली त्यांनी.

त्या रविवारी मी आईला फोन केला. मासा बघितला, खरा आहे, माझ्या चष्म्यावर त्याचं पाणी उडालं, हे सगळं सांगितलं. तिने लगेच फोन बाजूला धरून कुणाला तरी, बहुतेक त्या फिटरलाच, सांगितलं, "बघ, चष्म्यावर पाणी उडालंय त्याच्या." मग मी जेवणाचं सांगितलं, काकूंच्या घासाचंही. ती खूप हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आधी काम, मग त्याला खायला, असंच ना?"

"हो."

"आन् आपण जेवतोय तवा तो बघतो?"

"काचेपलीकडून. थांबतो कधीकधी."

"मग मला नको बाबा तिथं जेवाय. लांबनं दाखव. मला व्हिसा मिळाला तर." शेवटचं वाक्य ती आता प्रत्येक गोष्टीच्या मागे लावायची.

मी बुकिंगचा नाद सोडला. समारंभाच्या आठवड्यातली टेबलं भरत चालल्याचं वेबसाइट दाखवत होती, त्याकडे मी बघणंही बंद केलं. आता प्रश्न एवढाच उरला होता की आई येणार की नाही. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले तर मी तिला तिसऱ्यांदा मुंबईला पाठवणार नव्हतो. पहिल्या वेळेनंतर ती आठवडाभर गिऱ्हाइकांशीसुद्धा नीट बोलली नव्हती, असं वडिलांनी मला नंतर सांगितलं होतं.

फेब्रुवारीत काकांनी आईची मुलाखतीची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. शनिवारी जेवण झालं की व्हिडिओ कॉल. ते कोट घालून टेबलामागे बसायचे.

"पर्पज ऑफ व्हिजिट? म्हणजे, येण्याचं कारण काय?"

"पोराला पदवी मिळतीय."

"गुड. खानावळ कोण बघणार?"

"मालक हायत. आन् जाऊबाई."

"व्हेरी गुड. अमेरिकेत काय काय बघणार?"

"तुम्ही दाखवाल ते."

"ताई, व्हिसाचा साहेब तुम्हाला काही दाखवणार नाही. ठाम सांगा. नायगारा म्हणा. वॉशिंग्टन म्हणा."

"नायगरा," आई म्हणाली.

मागून वडिलांचा आवाज आला, "मासा म्हण की."

"गप बसा ओ. शिकवाय लागलेत ना ते."

"अहो, त्यांना खरं काय बघायचंय ते विचारा," काकू काकांना म्हणाल्या. काका म्हणाले, इंटरव्ह्यूमध्ये मासा नको, सिरीयस वाटत नाही. दर शनिवारी नायगाराच पाठ झाला. आईला तो कुठे आहे हे मी दाखवलं, तिने मान डोलावली.

मुलाखतीचा दिवस आला. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे तिचा फोन ती घरीच ठेवून गेली होती. मामाचा फोन मामाजवळ, बाहेर. मी सकाळी उठलो तेव्हा तिकडची मुलाखत होऊन बरेच तास झाले असणार, पण काहीच निरोप नव्हता. मामाचा फोन बंद. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "बॅटरी संपली असंल त्याची. रातच्या एसटीनं येतील." चांगली बातमी असती तर कुणाच्याही फोनवरून कळवली असती, असं मला वाटत राहिलं. दिवसभर वर्गात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. काकांचे तीन मेसेज आले, तिन्हींत फक्त प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी मी खोलीवर भात लावला होता. फोन वाजला. घरचा नंबर. तिकडे पहाट झाली होती. मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. एसटीतून उतरून ती थेट चुलीपाशीच गेली होती.

"जेवलास का?"

"आई, काय झालं?"

"मामाचा फोन मेला, चार्जर बी घरी. आरं, कुकरची शिट्टी ऐकू येतीय मला, भात लावलास व्हय? नुसता भात खाऊ नको."

"आई."

"सांगते की. साहेबानं इचारलं, काय बघणार. काकांनी शिकवलेलं ते धबधब्याचं नावच तोंडात येईना. मग म्हणलं, पोराचा समारंभ बघणार, आन् मोठ्या माशाशेजारी बसून जेवणार."

"जेवणार? तू तर नको म्हणाली होतीस."

"तोंडातनं गेलं. त्यानं शेजारच्या मराठी येणाऱ्या बाईला इचारलं, तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं, तसा तो हसला. आन् पासपोर्ट ठेवून घेतला. मागल्या बारीला हातात दिलता परत, आता ठेवून घेतला. मामा म्हणतोय, ठेवून घेतला म्हंजी मिळाला."

"मिळाला आई."

"मग आता ते जेवणाचं बुक कर दोघांचं. साहेबाला सांगून बसलेय मी, खोटं नको व्हायला. आन् घास कुठं ठेवायचा ते काकूंना आधी इचारून ठेव."